बाबांच्या शिफ्टची शिस्त

पेशंटची कूस बदलताना आज पावडरचा वास आला आणि मला आकुर्डीची आमची खोली आठवली. बाबा चाकणच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर होते. लकव्यानं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी बारावीत होते. सकाळी आई त्यांच्यापाशी असायची. मी कॉलेजातून आले की ती कामाला पळायची.

एके दुपारी पावडर लावताना त्यांच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. कूस मी बदलली असेल असं आईला वाटलं होतं, आईनं बदलली असेल असं मला. मी रडायलाच लागले. बाबा अडखळत, पण जरबेनं म्हणाले, "रडू नको. शिफ्ट सुटताना पुढच्याला मशीनपाशी उभं राहून काय झालं, काय राहिलं ते सांगतात. तुम्ही दोघी नुसत्याच पळता."

तेव्हा ते बोलणं फार लागलं. पण दुसऱ्या दिवसापासून आई पर्स खांद्याला लावून पलंगाशी थांबायला लागली. "डावी कूस, साडेबाराला." मी ते परत म्हणून दाखवल्यावरच ती निघायची. चट्टा गेला, आणि नर्सिंगला जायचं माझं ठरलं.

आज ड्यूटी संपवून निघालेली नवी मुलगी म्हणाली, "सिस्टर, वहीत लिहिलंय सगळं."

"पेशंटपाशी चल आणि तिथं सांग," मी म्हटलं. "आमच्या बाबांची शिस्त आहे."