दोन पायऱ्यांचा अर्ज

त्या जलाशयाचे नाव मी येथे लिहिणार नाही. आता लिहिले तरी बिघडण्यासारखे काही उरलेले नाही. पण जी सावधगिरी वेळेवर बाळगली नाही, ती निदान उशिरा तरी बाळगावी.

माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. मीही पुढे सरकारच्याच विधी शाखेत आयुष्य काढले. निवृत्तीनंतर कोटरा सुल्तानाबादच्या घरात माझे एक टेबल आहे. त्यावर आवक आणि जावक अशा दोन फायली आहेत, आणि जावक नेहमीच जाड असते. पथदिवे, गटारे, बसथांब्यावरचे मोडके बाक, पेन्शन कार्यालयातली एकच चालू खिडकी, या सर्वांविषयी मी लिहिलेले आहे. पोच मिळते, उत्तर येत नाही. पण नोंद राहते, आणि नोंद राहिली की उद्या कोणाला ‘आम्हांस कळवले नव्हते’ असे म्हणता येत नाही.

माझ्या पत्नीचा डावा कान पूर्ण गेला आहे आणि उजव्यात यंत्र आहे. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली ही बाई. मागच्या बाकावरची कुजबुज तिला फळ्याकडे तोंड असताना कळत असे. आता कानातल्या यंत्राला माणसाचे बोलणे आणि ताटलीचा खणखणाट यांतला फरक कळत नाही. दोन्ही सारख्याच जोराने आत येतात. घराच्या मागे रस्ता, पुढे पिठाची गिरणी. त्यामुळे आमच्या बोलण्यात केवळ नामे उरली होती. चहा. गोळी. गॅस. बाकी काही सांगायचे तर ओरडावे लागे, आणि ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी या वयात थोड्याच असतात.

तिच्या वाढदिवसाला आम्ही बड्या तलावावर मोठ्या बोटीची फेरी घेतली. रविवार होता. वरच्या मजल्यावर उभे राहायला जागा नव्हती, गाणी लागलेली, मुले नाचत होती. तिने मला काहीतरी विचारले, मी उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा दिले. तिसऱ्यांदा तिने हसून मान हलवली, यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि एकटीच सूर्यास्त पाहत राहिली. खाली उतरल्यावर म्हणाली, “छान होतं सगळं. तुम्ही काय सांगत होतात?”

मी काय सांगत होतो ते मलाही आठवेना.

मग मी दुसरे पाणी शोधायला लागलो. हनुवंतिया, तवा या जलाशयांची नावे सगळेच सांगत. सगळेच सांगतात म्हणून ती मी वगळली. जुने नकाशे काढले. मंडीदीपच्या कारखान्यांच्या पुढे, हमरस्ता सोडून, पाटबंधाऱ्याचा एक लहान जलाशय सापडला. तेथे काहीच नव्हते. दगडी घाट, एक बाभूळ आणि सपाट तळाची लाकडी नाव घेऊन मासे धरणारा एक म्हातारा. नाव वल्ह्यांची, म्हणून इंजिनाची घरघर नाही. पाण्याच्या मध्यावर त्याने वल्ही वर घेतली. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, “थंडी वाजते का?”

“नाही,” ती म्हणाली. आणि मग, “अहो, ऐकू आलं!”

त्या दिवशी आम्ही दीड तास बोललो. तिला एकदा उज्जैनला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली होती, आणि माझी इथली नोकरी म्हणून तिने ती मला न सांगता नाकारली होती, हे मला त्या नावेत कळले. मी म्हणालो, “सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना पत्र लिहिलं असतं.”

म्हातारा वल्हे मारता मारता हसला. मराठी त्याला किती कळत होते कोण जाणे. “माताजी आज बहुत बोल रही हैं,” एवढेच म्हणाला.

तिसऱ्या खेपेला घाटाच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर तिचा पाय घसरला. चुना निघून दगड सुटे झाले होते. म्हाताऱ्याने हात धरला म्हणून निभावले. माझा हात खिशातल्या डायरीकडे गेला, आणि तो तिने पाहिला.

“ठेवा ती आत. या जागेबद्दल एक अक्षर कुठे लिहायचं नाही.”

“अगं, दगड सुटे आहेत. उद्या कोणी पडलं म्हणजे?”

“कोण पडणार? येतं कोण इथं? मी पडेन, आणि मी जपून उतरेन. शब्द द्या.”

“दिला.”

आठ दिवसांनी मी पाटबंधारे खात्याला अर्ज लिहिला. तो मी का लिहिला याचे कारण देता येते, आणि मी ते स्वतःला पुष्कळदा दिले आहे: तिचाच पाय होता. मागणी केवळ दोन पायऱ्यांच्या दुरुस्तीची आणि एका कठड्याची होती. परंतु चाळीस वर्षांच्या अनुभवाने मला हे ठाऊक होते की खासगी अडचणीच्या कागदाला केराची टोपली मिळते आणि लोकहिताच्या कागदाला जावक क्रमांक. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात मी एक वाक्य घातले: ‘उक्त स्थल पर वरिष्ठ नागरिकों का नियमित आवागमन रहता है एवं मूलभूत सुविधाओं का अभाव है।’ हे खोटे नव्हते. वरिष्ठ नागरिक दोन होते, आणि त्यांचे आवागमन नियमित होते.

पोच आली. नेहमीप्रमाणे पुढे काही झाले नाही. मग तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पावसाळा गेला, हिवाळाही निम्मा गेला. डॉक्टरांनी मोकळे केले त्याच आठवड्यात आम्ही निघालो. वाटेत ती म्हाताऱ्यासाठी केलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती.

वळणावर कमान होती. कमानीवर रंगीत दिवे. आत वाहनतळ, तिकिटाची खिडकी, प्लॅस्टिकचे हंस, आणि धक्क्याला दुमजली बोट. तिच्या दोन्ही कठड्यांवर ध्वनिवर्धक. आम्ही गाडीतून उतरायच्या आतच गाणे पाण्यावर आपटून परत येत होते. म्हातारा दिसला, पण ओळखायला वेळ लागला. त्याच्या हातात नारिंगी जाकिटांचा गठ्ठा होता.

“बाबूजी, नाव बंद करा दी,” तो म्हणाला. “अब जैकेट बाँटता हूँ.”

पत्नीने त्याला डबा दिला. तो काहीतरी बोलला. तिला ऐकू गेले नाही. तिने यंत्र काढले आणि चष्म्याची डबी शोधू लागली. मी घाटाकडे गेलो. नवा धक्का शंभर पावलांवर बांधला होता. जुन्या घाटाच्या शेवटच्या दोन पायऱ्या जशा होत्या तशाच सुट्या होत्या.

मला एवढा संताप पूर्वी क्वचितच आला असेल. घरी येताच मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला: सदर सुविधा कोणाच्या मागणीवरून मंजूर झाली, मागणीपत्राची प्रत द्यावी. नेहमी माझ्या अर्जांना हसणारी पत्नी या वेळी शेजारी बसली. “या वेळी लिहाच,” ती म्हणाली. “कोणी मागितलं हे, ते कळू दे.” पाकिटाला डिंकही तिनेच लावला.

उत्तर मुदतीत आले, ही त्यातली सर्वांत क्रूर गोष्ट. मी बँकेत गेलो होतो. परत आलो तेव्हा पाकीट फोडलेले होते आणि नऊ पाने माझ्या टेबलावर नीट जुळवून ठेवलेली होती.

“तिसरं पान बघा,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिसऱ्या पानावर माझी सही होती. वर लाल शाईत शेरा: ‘वरिष्ठ नागरिकों की माँग.’ ‘मूलभूत सुविधाओं’ या शब्दांखाली रेघ ओढलेली. पायऱ्यांचा परिच्छेद मात्र कोणी वाचल्याची खूण नव्हती. त्या खात्याने माझ्या कागदातले एक वाक्य उचलून त्याच्या आधारे मी मागितलेल्या गोष्टीच्या नेमके उलट केले. याला मी आजही विश्वासघातच म्हणतो, आणि पहिल्या अपिलाच्या मसुद्यात तोच शब्द वापरला आहे. मसुदा तयार आहे, सतरा मुद्दे आहेत. तो मी अजून पाठवलेला नाही. कारण सतरापैकी एकाही मुद्द्यात ‘शब्द द्या’ असे म्हणणाऱ्या बाईस द्यायचे उत्तर बसवता येत नव्हते.

ती भांडली नाही. भांडली असती तर मी बाजू मांडली असती. पुढच्या गुरुवारी तिने रिक्षा बोलावली आणि दुपारभर बाहेर गेली. परतली तेव्हा साडीच्या काठाला कुसळे लागली होती आणि चपलांना ओली माती.

“कुठे गेली होतीस?”

“पाण्यावर.”

“कुठल्या?”

“आहे एक. शांत आहे.”

“एकटी?”

“एकटीला यंत्र लागत नाही.”

असे चार गुरुवार झाले. पाचव्या बुधवारी मी जेवताना ताट बाजूला सारले, तिच्या उजव्या हाताला बसलो आणि मोठ्याने म्हणालो, “मलाही ने. कोणाला काही लिहिणार नाही, शब्द देतो.”

“तो दिला होतात.”

“मग लेखी देतो.”

तिने माझ्याकडे पाहिले. तिला खरेच हसू आले असावे, पण तिने ते येऊ दिले नाही. “तुमच्या लेखीनेच तर झालं सगळं,” ती म्हणाली आणि ताटे उचलली.

तोंडी शब्द मोडलेला, लेखी शब्द घातक. तिसरा प्रकार कायद्यात नाही. माझ्याविरुद्ध तिला तक्रार करायची तर कोणाकडे करावी, याचाही मी विचार केला. तिने ती कुठेच केली नाही, फक्त पत्ता द्यायचे थांबवले.

काल गुरुवार होता. रिक्षा आली तेव्हा मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. सदऱ्याच्या खिशातली डायरी आणि पेन काढून फाटकाजवळच्या विजेच्या मीटरच्या पेटीवर ठेवले. तिने ते पाहिले. ती रिक्षात बसली, पदर आत घेतला, आणि शेजारची जागा मोकळी आहे हे मला दिसत असतानाच रिक्षा सुटली.

आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता दोन बाजूंना जातो. उजवीकडे वळली तर कोणती तळी संभवतात आणि डावीकडे वळली तर कोणती, हे माझ्या डोक्यात आपोआप मांडले जाऊ लागले होते. मी पाठ फिरवली आणि रिक्षा टोकाला पोहोचायच्या आत घरात आलो.