मामा आणि ‘संपलेली’ इंजिनं

आमचा मामा म्हणजे शंकासुर. जुन्या गाड्या घ्यायचा त्याचा धंदा. धडधाकट इंजिन असलं तरी “संपलंय हो हे,” म्हणून तो भाव पाडायचा. त्यामुळे दुसऱ्या कुणी तसं म्हटलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायचीच.

माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, हॉस्पिटलात होती. डॉक्टरीणबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्यांचं हृदय थांबलं, तर छाती दाबून ते सुरू करायचं नाही, असं ठरलंय. बरगड्या मोडतील, पण जीव वाचणार नाही. बाकी उपचार चालूच राहतील.”

“खाट रिकामी हवीय यांना!” मामा माझ्या कानाशी फुत्कारला. मग मोठ्यांदा म्हणाला, “ठरवलं कुणी?”

“आम्ही सुचवलं. त्यांनी ठरवलं.”

मामा तरातरा आईच्या खाटेपाशी गेला. “ताई, गंडवलं तुला!”

आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला. “नाही रे. खोटं ‘संपलंय’ म्हणताना तू नेहमी टायरकडे बघायचास. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या.”

मामा खाली मान घालून खाटेच्या चाकाकडे बघत राहिला.

“बरी होशील गं तू,” तो म्हणाला.