माहूजमध्ये शिवलेली वाकळ

बहरीनला थंडी पडते म्हटलं की गावाकडची माणसं विचारतात, वाळवंटात कसली आलीय थंडी? त्यांनी जानेवारीत इथं येऊन बघावं. थंडी मी साताऱ्याच्या माळावरची खाल्लेली आहे, पण तिथं चुलीपुढं तरी बसता येतं. इथं समुद्रावरून ओला वारा सुटतो. इमारती सगळ्या उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेल्या, फरशीवर पाय ठेववत नाही. खिडकीतल्या एसीच्या फटीत मी पुठ्ठा कोंबला, वरून चिकटपट्टी मारली. तरी वारा यायचा तो आलाच.

इथल्या माहूज भागात मुलाच्या फ्लॅटवर आम्ही दोघं राहतो. मागच्या थंडीत बायकोचे गुडघे धरले. एका सकाळी ती मुलाला म्हणाली, "माझं तिकीट काढ. मी चालले गावाला."

ती बोलते ते करते. मुलगा आणि सून दिवसभर ड्युटीवर. ती गेल्यावर मी बोलणार कुणाशी, भिंतीशी? पण तसं म्हणालो नाही. म्हणालो, "जा की. कोण अडवतंय?"

आणि चप्पल घालून सरळ बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो. तिथलं सगळ्यात जाड ब्लँकेट आणलं, मखमली, वर वाघ छापलेला.

दोन रात्री पांघरून ती म्हणाली, "ह्यो वाघ नुसता उरावर बसतोय. कूस बदलली की वारं आत. मला वाकळ पायजे."

वाकळ नव्या कापडाची होत नाही. अंगावर घालून, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड लागतं, त्याचे थर एकावर एक टाकून शिवायचे. तिची जुनी लुगडी गावाला. इथल्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. तिनं माझ्या ट्रंकेकडं बघितलं.

ट्रंकेत माझे ड्रेस होते. उमेदीची सगळी वर्षं मी इथं गोड्या पाण्याचा टँकर चालवला, त्याचे सुती खाकी शर्ट-पँट. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, पण तो ड्रेस अंगावर असताना मला कुणी 'ए' म्हणून हाक मारली नाही.

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि कपाटावरची बॅग खाली काढायला लागली.

भांडली असती तर मी ऐकलं नसतं. नुसतं 'बरं' म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी ड्रेस तिच्यापुढं आणून ठेवले. "घे. पण खिसे उसवायचे नाहीत."

"वाकळंला खिसं? कुणी बघितल्यात का?"

"खिशासकट शिव, नाहीतर राहू दे."

मग रोज दुपारी गच्चीवर उन्हात शिवण चाललं. टाके घालायला शेजारची वसईची बाई यायची. मला बघून म्हणायची, "अंकल, ह्या खिशात टँकरची चावी ठेवायची ना?" दोघी हसायच्या. मी त्यांच्याकडं पाठ करून सुईत दोरा ओवून द्यायचो.

वाकळ झाली. बायको रात्रभर गाढ झोपायला लागली. वाकळ अंगावरून घसरू नये म्हणून तिच्या एका खिशात हात घालून झोपते.

मुलानं एकदा विचारलं, "आई, तिकीट बुक करू का?"

"एवढी वाकळ बॅगंत मावती व्हय?" ती म्हणाली. "आन् टाकून तर जायाची न्हाई."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघतोस? तिला विचार."