सर्वोच्च बिंदूला वेग शून्य

मॅडम मुळात रसायनशास्त्राच्या. शाळेत त्यांना सगळे ‘ॲसिड मॅडम’ म्हणत. यात विषयाचा वाटा थोडा आणि जिभेचा जास्त. कुणी उशिरा आलं, कुणी जांभई दिली, कुणी भलतंच उत्तर दिलं, की मॅडम एकच वाक्य टाकायच्या आणि वर्ग खो-खो हसायचा. ज्याच्यावर ते पडायचं तोही हसायचा, निदान तसं दाखवायचा. आपल्या तासाला मुलं कंटाळत नाहीत याचा मॅडमना अभिमान होता. नव्या शिक्षकांना त्या सांगायच्या, “वर्ग हसता ठेवा, आपोआप ताब्यात राहतो.”

त्या वर्षी भौतिकशास्त्राची तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली. बदली शिक्षक मिळेना. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून घेतलं.

“तुम्हाला काय अवघड आहे? विज्ञान ते विज्ञान.”

मॅडमनी पदवीच्या पहिल्या वर्षानंतर भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण हे मुख्याध्यापकांना सांगायचं म्हणजे जिवावर आलं. “बघते,” म्हणाल्या आणि अकरावीचा वर्ग गळ्यात पडला.

सरळ रेषेतली गती निभावली. वर फेकलेला चेंडू वर जाता जाता मंदावतो, क्षणभर थांबतो, खाली येतो. इथवर काही अडलं नाही. मग सदिश आले, म्हणजे ज्यांना मोजमापासोबत दिशाही असते अशा राशी. मॅडमनी फळ्यावर बाण काढले, तिरक्या बाणाचे एक आडवा आणि एक उभा असे दोन तुकडे करून दाखवले. ते का करायचे हे त्यांना स्वतःलाच नीट उमगलं नव्हतं, पण आकृती देखणी आली होती. तिरका फेकलेला चेंडू शिकवायच्या आदल्या दिवशी घरी पाहुणे होते. धडा नुसता चाळून झाला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कमान काढली. कमानीच्या माथ्यावर टिंब दिलं आणि ठणकावून सांगितलं, “हा सर्वोच्च बिंदू. इथे चेंडूचा वेग शून्य. लिहून घ्या.”

वर्गाने माना खाली घालून लिहून घेतलं. खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ही मुलगी एरवी फारशी बोलायची नाही. बारीक आवाजाची, उभी राहिली की आधी ओढणी सारखी करणारी.

“मॅडम, तिथे वेग शून्य असेल तर चेंडू थांबला ना? मग तो तिथून सरळ खाली पडायला हवा. आकृतीत तर पुढे जातोय.”

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. कमान खरोखरच पुढे जात होती. आपली गडबड कुणाला कळायच्या आत जीभ चालली.

“अरे वा! प्रोफेसर आल्यात आपल्याकडे. या, या. मी बसते तुमच्या जागेवर, तुम्ही शिकवा.”

त्यांनी खरंच खडू पुढे केला. वर्गात हशा पिकला. कुणीतरी मागून टाळ्या वाजवल्या. मुलगी तशीच उभी राहिली, बसायचं की फळ्यापाशी जायचं हे न कळून. “बसा प्रोफेसर,” मॅडम म्हणाल्या, आणि हसण्याची दुसरी लाट आली.

घंटा झाली. मॅडमनी फळा पुसला. एरवी तो मुलं पुसायची.

मॅडमचे यजमान छापखान्यात मशीनवर होते. सकाळी घाईघाईने खाली उतरायचे आणि स्कूटरजवळ पोचल्यावर हाक मारायचे, “अगं, चावी!” हे जवळजवळ रोजचं. गॅलरीबाहेर कपडे वाळत घालायच्या तारा होत्या, त्यामुळे चाव्यांचा जुडगा थोडा वर आणि पुढे फेकावा लागे. त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही मॅडमनी तसाच फेकला. जुडगा वर गेला, तारांच्या डोक्यावर पोचला, तिथून खाली वळला. आणि वळतानाही पुढे जातच राहिला. तिथे थांबला असता तर ओल्या चादरीवर पडला असता. पडला तो यजमानांच्या पायाशी.

मॅडम कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वर जाण्याचा वेग संपतो, पुढे जाण्याचा संपत नाही. म्हणून तर ते दोन बाण. म्हणून तर तिरक्या बाणाचे तुकडे. सगळा धडा लखकन डोक्यात उतरला आणि त्याच्यामागोमाग ओढणी सारखी करणारी ती मुलगी.

त्या दिवशी अकरावीचा तास नव्हता. संध्याकाळी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं.

“मग उद्या सांगून टाक की, चुकलं म्हणून.”

“इतकं सोपं आहे का?”

“मी या घरात रोज चुकतो आणि रोज कबूल करतो. अजून तरी धडधाकट आहे.”

मॅडमना हसू आलं नाही. “चूक फळ्यावरची असती तर सांगितली असती हो. मी त्या पोरीला सगळ्यांसमोर...” त्या कणीक मळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवूनच त्या वर्गात शिरल्या. तोंड उघडणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, आज कोण शिकवणार? तुम्ही की प्रोफेसर?”

सगळा वर्ग मॅडमच्या तोंडाकडे पाहू लागला. त्या क्षणी नुसतं “गप्प बस” म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण इतक्या वर्षांची सवय. मॅडम हसल्या. त्या हसल्यावर वर्गाला मोकळं रान मिळालं. मुलगी वहीत काहीतरी गिरवत राहिली. मॅडमनी पुढचा धडा काढला, आणि परवाचं तसंच राहून गेलं.

मग ते राहूनच गेलं. उद्या सांगू, चाचणीच्या आधी सांगू, उजळणीच्या वेळी ओघात सांगू. ‘प्रोफेसर’ हे नाव मात्र वर्गाबाहेर गेलं, पटांगणात गेलं, पाण्याच्या नळापर्यंत गेलं. मुलीचा हात पुन्हा वर झाला नाही. मॅडम तिच्या बाकाकडे न बघता शिकवायला शिकल्या.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. शांत, वयस्कर गृहस्थ. प्रयोगशाळेत एकेकाला टेबलाशी बोलावून तोंडी प्रश्न विचारत होते. मॅडम बाजूला उपकरणं पुसत उभ्या होत्या. परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, “तिरका फेकलेला चेंडू. सर्वोच्च बिंदूला त्याचा वेग किती?”

“शून्य, सर.”

पुढच्याला विचारलं. शून्य. त्यापुढच्याला. शून्य. परीक्षकांनी चष्मा वर करून मॅडमकडे पाहिलं आणि गमतीने म्हणाले, “वर्गाने एकमताने ठराव पास केलेला दिसतोय.” मॅडमच्या हातातलं फडकं एकाच काचेवर फिरत राहिलं.

मग त्या मुलीची पाळी आली. तोच प्रश्न. तिने एकदा मॅडमकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारल्यासारखं बघितलं, काय सांगू म्हणून.

“शून्य,” ती म्हणाली.

“मग चेंडू तिथून पुढे कसा जातो?”

“माहीत नाही सर.”

तिला माहीत होतं. वर्षाच्या सुरुवातीला तिने स्वतःच हे विचारलं होतं. मॅडमनी फडकं खाली ठेवलं.

“सर, यांचं उत्तर चुकलंय कारण मी चुकीचं शिकवलंय. आडवा वेग तिथेही असतो. या मुलीला तेव्हाच कळलं होतं. मी हिला गप्प बसवलं.”

रांगेतली मुलं एकमेकांकडे पाहू लागली. परीक्षकच जास्त अवघडले. “होतं, होतं असं कधीकधी,” ते घाईने म्हणाले, “हा प्रश्न आपण सोडून देऊ. मी सगळ्यांना दुसरा विचारतो.” आणि त्यांनी खरंच पहिल्या मुलापासून पुन्हा सुरुवात केली. परीक्षा उशिरा संपली. जाताना त्यांनी मॅडमना नमस्कार केला. मॅडमना त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात पुन्हा ती कमान काढली, माथ्यावर आडवा बाण काढला आणि मुलीला उभं करून, तिच्या खऱ्या नावाने हाक मारून, सगळ्यांदेखत माफी मागितली. मुलीचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्यांच्या नजरा पुन्हा एकदा तिच्यावर होत्या, आणि यावेळीही त्या मॅडमनीच वळवल्या होत्या.

“मॅडम, बसू का?” तिने विचारलं.

निकालानंतर पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे होते. मुलीने भौतिकशास्त्र सोडून भूगोल घेतल्याचं मॅडमना शिक्षकांच्या खोलीत समजलं. त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

“माझ्यामुळे सोडलंस का गं?”

“नाही मॅडम.” मग ओढणी सारखी करत ती म्हणाली, “विषयाची भीती नाही वाटत. हात वर करायची वाटते. भूगोलाच्या सरांच्या तासाला कुणी कुणाला हसत नाही.”

वरून मुलांचा लोंढा आला आणि मुलगी भिंतीला चिकटून उतरून गेली.

तरुण शिक्षिका रजेवरून परतल्यावर मॅडम मधल्या सुट्टीत तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसू लागल्या. “तुम्हाला आता कशाला हा ताप?” तिने विचारलं. “पुन्हा कधी गळ्यात पडलं तर,” मॅडम म्हणाल्या. रसायनशास्त्राच्या तासालाही त्यांच्या तोंडची ती वाक्यं कमी झाली. एकदम बंद नाही झाली. एखादं सुटायचंच, आणि मग तास संपेपर्यंत त्या त्याच मुलाकडे चोरून बघत राहायच्या. मोठ्या वर्गातली मुलं म्हणायची, ॲसिडमध्ये पाणी पडलंय. नव्या मुलांना तर त्या नुसत्याच कंटाळवाण्या वाटायच्या.

निवृत्तीच्या वर्षी एका मुलाने भर वर्गात क्षारांबद्दल असं काही विचारलं की मॅडमना उत्तर येईना. जुनं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

“मला माहीत नाही. बघून उद्या सांगते.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं-तिघं. मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मुलांना हसू दिलं, आणि खाली बघत खडूची भुकटी झटकत राहिल्या.