जनाच्या नावाचा खुंट

माझी बायको मेल्यावर दहा महिन्यांनी रमी खेळायला लागली.

मला हे वाशीच्या एका गिऱ्हाईक बाईने फोनवर सांगितलं. "काका, जनाबाईंच्या वेबसाइटवर जवळा मागवायला गेले, तर रमी उघडली. या खेळायला, म्हणतात."

आता जना आणि रमी! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने माझा अख्खा कॅट करावे गावच्या खाडीत भिरकावला होता. (राण्या तरंगत गेल्या. मी काठावरून बघत होतो. बोलायची सोय नव्हती.) त्या बाईच्या नावावर रमी?

मी चौथी पास, खाडीत जाळी टाकून जन्म काढलेला माणूस. जना सुकी मासळी विकायची. सून प्रज्ञाने तिला 'जनाची सुकट डॉट इन' असं इंटरनेटवर नाव काढून दिलं, आणि उलव्यापर्यंतच्या बिल्डिंगींतून ऑर्डरी यायला लागल्या. जना गेली तरी प्रज्ञाने धंदा चालू ठेवला. मुलगा जहाजावर, घरात आम्ही दोघंच.

"प्रज्ञा, कोन चोर हाय तो? त्याचं घर दाखव."

"चोर नाही, बाबा. नावाची मुदत संपली. मुदत संपली की नाव देणारी कंपनी त्या पानावर जाहिराती लावते."

"मुदत कसली? नाव आपलं हाय."

"नाव कुणाचंच नसतं. सगळ्या जगाची नावं सांभाळणारी एक संस्था आहे परदेशात. शेवटी 'डॉट इन' असलेली नावं भारताकडे. त्यांच्या हाताखालच्या कंपन्या ती ठरावीक वर्षांसाठी देतात. नूतनीकरण केलं नाही, तर नाव दुसऱ्याला."

"म्हणजे जगाच्या खाडीची पंचायत."

"तसंच समजा. अजून नऊ दिवस आहेत हातात. मग कुणीही घेईल."

ही कुठली पंचायत? आमच्या खाडीत जाळी बांधायचे खुंट असतात. कुठला खुंट कुणाच्या घराचा, ते कागदावर नाही, पण सगळ्यांना पाठ. घरात कुणी गेलं की खुंटाला फडकं बांधायचं. वर्षश्राद्धापर्यंत त्या जागेत कुणी जाळं टाकत नाही. ही अक्कल अंगठेबहाद्दरांना आहे, आणि जग चालवणाऱ्यांना नाही!

मी कंपनीला फोन लावायला लावला. पलीकडे एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नाव ज्यांचं आहे त्यांच्याशीच बोलता येईल."

"मला पन त्यांच्याशीच बोलायचंय. दहा महिने झाले."

तिने पलीकडे बटणं बडवली. मग म्हणाली, "त्यांना आमची मेल बघायला सांगा, सर."

"बाय, ती वारली. फडकं बांधलेल्या खुंटाला हात लावता तुमी?"

"सर, खुंट म्हणजे कोणता प्लॅन?"

मी फोन आपटला. (प्रज्ञाचा होता. काच तडकली.)

मग प्रज्ञाने मला समोर बसवलं. "बाबा, कंपनीने आठवण करून दिली असेल. ती मेल आईंच्या फोनवर जाते. फोन कुठाय?"

फोन कपाटात होता, जनाच्या लुगड्यांखाली. मीच ठेवलेला. वर्ष होईपर्यंत तिच्या वस्तूला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. चावी माझ्या कमरेच्या करगोट्याला.

"वर्षश्राद्ध झाल्याबिगर कपाट उघडनार नाय."

"त्याला दोन महिने आहेत. नाव नऊ दिवसांत जाईल."

"जाऊ दे. मी रीत मोडनार नाय."

"बरं. खुंटाला फडकं कोण बांधतं?"

"घरचा मानूस."

"वाऱ्याने उडालं तर?"

"दुसरं बांधायचं. नायतर लोकांना कसं कळनार, जागा कुनाची?"

"मग, बाबा, तुम्ही फडकंच कपाटात कोंडलंत."

मी उठलो. कपाट उघडलं. लुगड्यांना अजून सुकटीचा वास होता. घड्या न मोडता खालून फोन काढला.

चार्जिंगला लावल्यावर कंपनीच्या चौदा आठवणी निघाल्या. पण पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. तो विसरला तर कंपनी एक प्रश्न विचारते, जनाने स्वतः घातलेला. "नाव काढलं तेव्हा मी आईंना म्हटलं होतं, उत्तर मलाही सांगू नका," प्रज्ञा म्हणाली.

प्रश्न आला: घरात सगळ्यात हट्टी कोण? तीनदाच संधी.

"सोपं हाय," मी म्हणालो. "तुझं नाव टाक."

चूक.

"मग तिचंच. जना."

चूक.

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणालो, "माझं टाकून बघ. लागनार नाय, पन टाक."

तिने 'धर्मा' टाकलं. दार उघडलं.

"आता कायमचं करून टाक," मी म्हणालो.

"कायमचं मिळत नाही, बाबा. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं."

दहा तर दहा. माझं वय आता त्र्याहत्तर. पण जगाच्या पंचायतीने दहा वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर उत्तर तेच लागणार. तेव्हा मरायला आणि सुधारायला मला सवड नाही.