डावीकडचा कॅन

मला गावात मिस्त्री म्हणतात. मी मिस्त्री न्हाई. जल्मात एकच इंजिन बांधलं, तेबी दोन हजार तेराच्या दुष्काळात, अन् त्याचा विषय निघाला की आजबी मान खाली जाती.

माझं नाव बद्रीनाथ. आमची वाडी युसूफ वडगावपासून दोन कोसावर. गावच्या दूध संस्थेचं दूध मोटरसायकलवर घालून चिलिंग सेंटरला पोचवायचं, हे माझं काम. दोन कॅन, एक उजवीकडं, एक डावीकडं. दूध कमी असलं तरी दोन्हींत वाटून भरायचं, न्हाईतर गाडी एका अंगाला वढती.

त्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडाय लागली अन् एक दिवस चढावर बसली ती बसलीच. तालुक्याचा कारभारी नावाचा मिस्त्री म्हणला, "रिंगा गेल्यात, इंजिन बांधाय लागंल. आठ दिस ठिवून जा." मी म्हणलो, आठ दिवस लई होतात, मला सांग, मीच करतो. तो चार गिऱ्हाइकांपुढं हसला. "बे, तुला साधा प्लग काढता येईना." माझं डोकंच फिरलं. गाडी टेम्पोत घातली अन् घरी आणली. चेअरमन अर्जुनरावांना सांगून टाकलं, "चार दिवस तुमची जीप द्या, पाचव्या दिवशी गाडी चालू."

जीपला तोल सांभाळायचा न्हवता. दूध आटलेलं, समदं एकाच कॅनात मावायचं. दुसरा कॅन संस्थेत रिकामा पडून होता.

इंजिन खोललं, सिलिंडर नेऊन बोअर मारून आणला, नवा पिस्टन आणला. आता पार्ट धुवायला रॉकेल पाहिजे. आमच्या घरचं संपलेलं, म्हणून मुक्ताबाईकडं गेलतो. ती बौद्धवाड्यातली, नवरा वारलेला, घरात एक गाय. गाय चाऱ्याच्या छावणीत बांधलेली. ही दोन टाईम पायी जाऊन धार काढून आणायची. तिनं डबाच उचलून हातात दिला. "ने समदं. तुझी गाडी चालू तर आमचं दूध चालू." तू चिमणी कशानं लावशील, एवढंबी मी विचारलं न्हाई.

रॉकेल मिळालं तर भांडं मिळंना. टँकर चार दिवसाआड यायचा. घमेलं, बादली, पातेलं, जे असंल ते पाण्यानं भरलेलं, न्हाईतर टँकरच्या रांगेत ठिवलेलं. माझी बायको सत्यभामा म्हणली, "माझ्या एकाबी भांड्याला रॉकेल लावलं तर बघा." मग मी संस्थेतला तो रिकामा कॅन आणला अन् त्यातच पार्ट बुडवले.

पहिली रिंग बसवताना काडकन मोडली. दुसरी आणली. पिस्टनची क्लिप उडून चुलीच्या राखंत गेली, ती सत्यभामानं चाळणीनं चाळून काढली. शेवटी हेडचे बोल्ट आवळले अन् पाचव्या दिवशी तेराव्या किकला गाडी बोलली. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं. गावातून इनाकारण तीन चकरा मारल्या. बद्री मिस्त्री झाला, बद्री मिस्त्री झाला, करत लोक पाठ थोपटाय लागले अन् मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

कॅन फडक्यानं पुसला, राख मारली, तांब्याभर पाण्यात खंगाळला. जास्त पाणी कुठून आणू? वास घेतला, पण माझ्या नाकात चार दिवसाचं रॉकेल भरलेलं, मला काय कळणार. तोच कॅन गाडीच्या डावीकडं अडकवला.

दुसऱ्या दिवशी चिलिंगवर तपासणाऱ्यानं झाकण काढून वास घेतला. उजवा पास. डाव्यावरून त्यानं नाक मागं घेतलं अन् म्हणला, "रॉकेल." कॅन दुधासकट परत.

मी तिथंच समजलो. गावाकडं येताना वाटभर ठरवलं होतं, सांगून टाकू. पण संस्थेपुढं माणसं जमलेली. अर्जुनरावांनी विचारलं, "डाव्या कॅनात शेवटाला कुणाचं दूध पडलं?" कुणीतरी म्हणलं, "मुक्ताबाईचं. तिच्या घरी चिमणीच जळती." त्या कॅनात बारा घरचं दूध होतं. बाकीच्या अकरा घरांचं नाव कुणी घेतलं न्हाई. ते कावून घेतलं न्हाई, हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगाय लागत न्हाई. तिचं दूध बंद झालं. मी गाडीवरचा परत आलेला कॅन उतरवत उभा होतो, तोंड उघडलं न्हाई. कालच पाठ थोपटून घेतलेली, आज हसू करून घ्यायचं जिवावर आलं.

सांजच्याला ती माझ्या दारात आली. हातातली दुधाची चरवी पुढं केली. "बद्री, वास घे. काय येतो ते चेअरमनला सांग." मी घेतला. राखंचा वास, दुसरं काय न्हाई. तिच्या घरातलं शेवटचं रॉकेल कुठं गेलं, हे आमा दोघांनाच ठाव होतं. ती त्याचं नाव काढीना. मी काढावं म्हणून थांबली होती.

मी म्हणलो, "मावशी, मला त्यातलं काय कळतंय."

ती चरवी घेऊन गेली.

अन् एवढ्यावर भागलं न्हाई. त्याच राती मी सत्यभामाशी भांडून दोन हंडे पाणी तापवलं, सोडा घालून कॅन घासून घासून धुतला. सकाळी दोन्ही कॅन पास. गाव म्हणलं, बघा, मुक्ताबाईचं बंद केलं अन् वास गेला. माझ्या धुण्यानं तिच्यावर शिक्का मारला. हे माझ्या ध्यानात आलं तवा मी जेवत होतो.

महिनाभरानं ती गाय घेऊन गुरांच्या बाजाराच्या वाटंनं चालली होती. मागून मी दूध घेऊन चाललेलो. हॉर्न दिला. तिनं गाय कडंला घेतली. इंजिन मस्त चाललं होतं. मी थांबलो न्हाई.

भादव्यात संस्थेची वार्षिक सभा झाली. शेवटाला आयत्या वेळचे विषय आले अन् मी उभा राह्यलो. कॅन, रॉकेल, ते कुणी दिलं, चरवी, समदं सांगितलं. धीर आला म्हणून न्हवं. राती झोप लागत न्हवती म्हणून. लोक शिव्या देतील, माझं काम काढून घेतील, अशी तयारी करून गेलतो. लोक हसले. अर्जुनरावबी हसले अन् सचिवाला म्हणले, "हे इतिवृत्तात घेऊ नका, संस्थेचं नाव जातंय." मग मागं बायकांत बसलेल्या मुक्ताबाईकडं बघून म्हणले, "मुक्ताबाई, झालं गेलं सोडून द्या. उद्यापासून दूध घाला."

ती उठली. माझ्याकडं बघितलं न्हाई, त्यांच्याकडंच बघत म्हणली, "कशाचं घालू?"