बिनपावसाच्या मुलखातून एकटे परतलेले भासरे

जाण्याच्या आदल्या आठवड्यात भासरे माझ्याशी वांग्याच्या भाजीवरून भांडले. मीठ कमी पडलं होतं. "बाई, शाळेत पोरीयले धडे देता, आन तुमाले मीठ टाकाचं कोनं शिकवावं?" असं म्हणून ताट सरकवलं, आणि मी काही उत्तर देणार तोच स्वतःच मीठ घेऊन सगळी भाजी चाटूनपुसून खाल्ली. तेच आमचं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर पायांवर सूज चढली, श्वास पुरेनासा झाला, आणि मग बोलायला त्यांच्याजवळ दम उरला नाही. आता तेरावं होऊन गेलं आहे. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ओसरीवर बसतो, चहा पितो आणि म्हणतो, "काही म्हना बाई, तुमच्या भासऱ्यायनं मुलूख लय पाह्यला!" ऐकून ऐकून माझे कान किटले. त्या मुलखाने आमच्या घराचं काय केलं ते यांना ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. पण मयताच्या घरी गोड बोलायचं असतं ना! मला गोड बोलता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या वऱ्हाडात सुनेने भासऱ्यापुढे तोंड उघडायचं नसतं. पदर नाकापर्यंत ओढायचा, सावलीसुद्धा त्यांच्या अंगावर पडू द्यायची नाही. किसनजी माझे भासरे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांना पाहिलं ते फक्त पायांपासून गुडघ्यापर्यंत. ते एकटेच, बायको बाळंतपणात गेलेली, पुन्हा लग्न केलं नाही. रिठदला गावाला लागून आमचा मळा. विहिरीवर मोट, वांगी, मिरची, मेथी, कांदा. किसनजी आणि माझे मालक, रामजी, दोघे भाऊ मोटेवर एकापाठोपाठ एक अशी गाणी म्हणायचे की सासूबाई म्हणत, "बैलायलेबी आता तोंडपाठ झालं." भावाभावांचं असं प्रेम मी पुन्हा पाहिलं नाही. लोक म्हणत, रामजी म्हणजे किसनजीचं शेपूट. मला राग यायचा, पण खोटं नव्हतं.

एका वर्षी दोघे अमरनाथाला गेले. कारंज्याहून आगगाडी, मग गाड्या बदलत बदलत काश्मीर. देवाचं दर्शन झालं, परत फिरायचं होतं. तिथे रसूल नावाचा एक घोडेवाला भेटला. तो म्हणाला, हा डोंगर ओलांडला की पलीकडे असा मुलूख आहे की तिथे पाऊस पडत नाही, तरी माणसं शेती करतात. झालं! आभाळाकडे बघत जन्म गेलेल्या माणसाला हे सांगावं का? किसनजींनी घरी निरोप धाडला, "आमी पुढं जातो. बिनपावसाची शेती पाहून येतो." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी चुलीपाशी रडले. रडण्याचं कारण तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

दिवाळी तोंडावर असताना किसनजी परत आले. एकटे. ओसरीच्या पायरीवर बसले आणि सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, "माय, म्या त्याले तिकडंच ठेवून आलो." मी दारामागे उभी होते. पदर डोक्यावर, तोंडात बोळा. मला विचारायचं होतं... काय झालं? कसं झालं? जाताना मालक काही बोलले का? पण भासऱ्याला सुनेने विचारायचं कसं? सासूबाईंनी विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "आजारी पडला." त्यापलीकडे एक अक्षर नाही. माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि मला एवढंही कळलं नाही की माझा नवरा मेला कशाने.

आणि गंमत बघा. हाच माणूस काही महिन्यांनी त्या मुलखाच्या गोष्टी सांगायला लागला! आधी कोणी खोदून विचारलं म्हणून, मग सवयच झाली. संध्याकाळी ओसरीवर गाव गोळा व्हायचं. "राजेहो, डोंगर म्हनसान तं नागवे. एक काडी नाई. कोनता लाल, कोनता जांभळा, कोनता वांग्याच्या रंगाचा. बर्फ वितळते, त्याचा पाट काढून उतारावर आनतात, आन त्या पाटावर एवढं एवढं जवाचं वावर. वरून पाहाल तं राखेवर हिरवं पटकुर वाळू घातल्यावानी." जर्दाळू घराच्या धाब्यावर वाळत घालतात, वाटेवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती असतात आणि येणारा-जाणारा त्या उजव्या हाताला ठेवूनच चालतो, कड्यावर मठ असतात, आत लोण्याचे दिवे जळतात. एका मठात अंधाऱ्या खोलीत देवांच्या मूर्ती होत्या आणि त्यांच्या तोंडावर कपडा टाकलेला होता, वर्षातून एकदाच काढतात म्हणे. "आपल्या घरच्या बाया भासऱ्यापुढं असतात ना, तसेच देव!" असं म्हणून ते हसायचे, आणि अख्खी ओसरी हसायची. मी आत भाकरी थापत असायची. मला त्या हसण्याची शिसारी यायची.

मग कोणीतरी हमखास विचारायचं, "किसनजी, तो खारा तलाव सांगा ना." आमच्याकडे लोणार जवळ, खाऱ्या तलावाचं सर्वांना भारी कौतुक. ते म्हणायचे, "त्या तलावासाठी आमी पुढचा घाट चढाले लागलो..." आणि थांबायचे. "मोठा होता. निळा होता. चाला, रात झाली." दर वेळी तिथेच. गावाला वाटायचं, भावाची आठवण येत असेल. मला वाटायचं, त्या घाटात काहीतरी झालंय आणि हा माणूस ते माझ्यापासून लपवतोय.

सासूबाई गेल्या तेव्हा घरात दोघंच उरलो आणि बोलायला मधलं माणूस राहिलं नाही. मग मी भिंतीशी बोलायचे. "जेवण झालंय म्हणावं." ते बैलाशी बोलायचे. "ढवळ्या, सांग, भाजी खारट झाली." तुम्ही हसाल, पण आमचं घर असं वर्षानुवर्षं चाललं. मला अकोल्याला शिकायला त्यांनीच पाठवलं, तेही ढवळ्याला सांगून. भावकी ओरडली, विधवा बाई परगावी राहते म्हणजे काय. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. मी मास्तरीण होऊन गावात परतले. लोक म्हणाले, भासरा देवमाणूस. मला मात्र वाटायचं, हा भरपाई करतो आहे... आणि कशाची ते सांगत नाही. जेवणही ते मळ्यातच जेवायचे. मी डबा पाठवायचे. एका घरात राहून एका पंगतीला बसलो नाही.

मग एका वैशाखात मळ्यात आमचा गडी नामदेव भोवळ येऊन पडला. सुट्टी होती, मी तिथेच होते. ऊन लागलं की काय करायचं ते आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. सावलीत न्यायचं, आडवं करायचं, ओला फडका कपाळावर, तळपायाला कांदा चोळायचा, आणि माणूस हलवायचा नाही. बायांनी तसंच केलं. तेवढ्यात किसनजी धावत आले आणि ओरडायला लागले, "उचला त्याले! निजवू नका! खाली न्या, खाली न्या!" खाली कुठे? सगळी सपाट काळी जमीन. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.  नामदेव थोड्या वेळात उठून बसला, पाणी मागितलं, सगळे कामाला लागले. किसनजी मात्र मोटेच्या धावेवर बसून राहिले, तोंड राखेसारखं.

मी पदर मागे टाकला. मधे भिंत नव्हती, ढवळ्या नव्हता, कोणी नव्हतं. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादाजी, त्या घाटात काय झालं?"

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं असेल. मग जमिनीकडे बघत बोलायला लागले. "घाटाच्या खालच्या अंगाले तंबू ठोकला. ऊन असं का कातडं सोलून निघे. रामा म्हने डोकं ठणकते. मग ओकला. झोकांड्या खाऊन राह्यला. म्या म्हटलं, ऊन लागलं. आपल्या वऱ्हाडच्या मानसाले दुसरं काय सुचनार, बाई? निजवलं. कांदा होता घरचा, तो चोळला. गार फडका ठेवला... त्या थंडीत. रसूल म्हने, नीचे ले चलो, इसको हवा नहीं मिल रही, घोडे पे डालो, नीचे गाव में अच्छा हो जाएगा. म्या त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, ऊन लागल्या मानसाले हलवत नाई, तुले काय समजते! रसूल पाया पडला माह्या. म्या आयकलं नाई. रातभर रामाची छाती घुरघुर वाजत होती. पहाटे बंद झाली."

मोटेवरून पाणी टपकत होतं. 

"मग आनला त्याले खाली. मेल्यावर." ते म्हणाले. "त्या गावात जाळाले लाकूड नाई. झाडच नाई. लोकायनं घराच्या धाब्यावर हिवाळ्यासाठी रचून ठेवलेल्या काटक्या काढल्या. घरटी एक मोळी. भाषा येत नाई, नातं नाई, धरम येगळा. एक म्हातारी आली, तिच्या मोळीत जर्दाळूच्या वाळल्या फांद्या होत्या. तो तलाव म्या पाह्यला नाई, बाई. घाटच चढलो नाई. खोटं सांगतो लोकायले."

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते स्पष्ट लिहिते. मला त्यांना मारावंसं वाटलं. त्या रसूलचं ऐकलं असतं तर माझा संसार असता, लेकरं असती. आणि त्याच क्षणी मला हेही पक्कं कळलं होतं की मी तिथे असते तर मीही कांदाच चोळला असता. दोन्ही खरं. मी म्हटलं, "दादाजी, मी तुमाले माफ नाही करत. करता येत नाही. पण आजपासून जेवायले घरी या."

ते आले. त्या दिवसापासून रोज आले. आम्ही समोरासमोर बसून जेवलो, भांडलो, मिठावरून, मुलींना शाळेत पाठवण्यावरून, मिरचीच्या भावावरून. ओसरीवरच्या गोष्टी त्यांनी बंद केल्या. गावाला वाटलं, म्हातारपण आलं. माफीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. मनात असूनही जीभ वळली नाही असं नव्हे, माफी मनातच नव्हती. एवढं मात्र खरं, की जेवताना ते थोडे उशिरा आले तर माझा जीव खालीवर व्हायचा.

या उन्हाळ्यात त्यांचा श्वास अडायला लागला. वैद्य म्हणाले, छातीत पाणी झालंय, आता हलवू नका, सुखाने जाऊ द्या. भावकीही तेच म्हणाली. "बाई, म्हाताऱ्या मानसाले कायले हाल करता? हलवू नका." हलवू नका... तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी हलवणार. वाशीमच्या दवाखान्यात नेणार. कोणी आडवं येऊ नका." नामदेवला गाडी जुंपायला लावली, कडबा पसरला, वर गोधडी. आडवं केलं की त्यांचा जीव गुदमरायचा, म्हणून मी मागे बसले आणि त्यांना माझ्या छातीशी टेकवून धरलं. सुनेने भासऱ्याला शिवायचं नसतं. गाव वेशीपर्यंत बघत उभं होतं. बघा म्हटलं.

रिठद मागे पडलं. ऊन चढत होतं. बराच वेळ नुसती त्यांची छाती वाजत होती. मग एकदम माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "खाली चाललो ना आपन?" मी इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली सपाट काळी वावरं. म्हटलं, "होव दादाजी. खाली चाललो." "रामाले नीट धरजो," ते म्हणाले. "धरलं," मी म्हटलं. "चांगलं धरलं." थोड्या वेळाने हाताची पकड सुटली. छाती वाजायची थांबली.

नामदेवने वळून पाहिलं. बैल थांबवले, डोक्यावरचं मुंडासं काढलं. म्हणाला, "बाई, फिरवू का गाडी?"

मी म्हटलं, "नाही. पुढं नाल्याचा उतार हाये ना? तिथवर चाल."

त्याने बैलांना हाकललं. आम्ही तसेच पुढे गेलो, मी त्यांना तसंच बसतं धरून. उतार लागला तसं नामदेव खाली उतरून बैलांपुढे चालायला लागला, गाडी धावू नये म्हणून. चाकं करकरत खाली गेली. नाल्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू होती. तिथे पोचल्यावर मी म्हटलं, "आता फिरव."